घरच्या टाकीत प्रवाळ : समुद्राचं पाणी कसं आणायचं आणि समुद्रातून काय आणायचं नाही

कोडोली (ता. पन्हाळा) : गप्पी आणि गोल्डफिशच्या टाक्या आता आपल्या गावांतही बऱ्याच घरांत दिसतात. मोबाईलवर प्रवाळाच्या रंगीत टाक्यांचे व्हिडिओ बघून पुढचा प्रश्न येतो, की अशी टाकी आपल्याकडं होईल का? आंबा घाट उतरलं की रत्नागिरी, तिथं समुद्र फुकट. मग चार जार पाणी आणि खडकावरचा एखादा प्रवाळाचा तुकडा आणला की झालं, असं वाटतं. यातलं पाणी आणता येतं. तुकडा आणला तर मात्र थेट वन्यजीव कायद्याचा गुन्हा होतो. दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

प्रवाळ म्हणजे नक्की काय?

प्रवाळ दगडासारखं दिसतं, झाडासारखं फुटतं, पण तो प्राणी आहे. तांदळाच्या दाण्याएवढे किंवा थोडे मोठे हजारो जीव एकत्र राहतात आणि पाण्यातला चुना घेऊन आपलं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला देतं. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून तसंच राहिलं, की हे शेवाळ बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी मरतं. जगभरातल्या समुद्रात सध्या हेच चाललंय. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथं जागतिक पांढरं पडणं जाहीर केलं.

आपल्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात ते आहे, आणि म्हणूनच १९८७ मध्ये तिथं सुमारे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य झालं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरवर खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्रेंच्या नावानं ओळखली जाणारी.

आधी कायदा

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत, २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाईप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखा आहेत. समुद्रघोडा आणि समुद्रकाकडीही त्यात आहेत. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद. दंड किमान २५ हजार रुपये.

लोक तीन ठिकाणी चुकतात :

- मेलेलं, किनाऱ्यावर वाहून आलेलं पांढरं प्रवाळही उचलायचं नाही. सांगाडा बाळगणं हाही गुन्हाच.
- वस्तू तुमच्याकडं सापडली की ती कायदेशीर आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. "दुकानातनं घेतलं" एवढं सांगून सुटका नाही.
- परदेशी सूचीबद्ध प्राणी जिवंत पाळणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदार "हा बाहेरचा माल" म्हणाला तर बिल आणि आयातीचा कागद मागा. कागद नाही, तर माल नको. शंका असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर आधी विचारा.

पाणी कुठलं आणि कधी?

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, पाणी आणू नका. कोकणातल्या नद्या एवढं गोडं पाणी समुद्रात सोडतात की किनाऱ्याजवळ मीठ उतरतं आणि गाळ चढतो. जानेवारी ते मे हा चांगला काळ. हिवाळ्यात कधी कधी रात्री लाटा निळ्या चमकतात, दिवसा पाणी हिरवट दिसतं. ते सूक्ष्म जीवांच्या फुटीमुळं होतं. त्या दिवसांत पाणी भरू नका.

जागा निवडताना खाडीचं तोंड, मासेमारी बंदर आणि गावाचं सांडपाणी टाळा. बंदरात डिझेलचा तवंग असतो. उघडा खडकाळ किंवा स्वच्छ वाळूचा किनारा बघा आणि पूर्ण भरतीला पाणी भरा. तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. अभयारण्याच्या हद्दीतून काहीच उचलायचं नाही.

जारची काळजी आपल्या शेतकऱ्यांनी जास्त घ्यायला हवी. औषधाचा कॅन, फवारणीचा पंप, मोरचूद कालवलेलं बॅरल कितीही धुतलं तरी वापरू नका. तांबं प्रवाळाला आणि बिनकण्याच्या जीवांना अगदी थोडं असलं तरी मारतं. म्हणून तांब्या-पितळेची घागरही नको. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे नवे प्लॅस्टिक जार सगळ्यांत बरे. भरलेला एक जार साडेवीस किलोच्या आसपास जातो, गाडीचा विचार करून न्या.

घरी आणल्यावर पाणी दाट कापडातून किंवा पाण्याच्या फिल्टरच्या बारीक कँडलमधून गाळा. मग झाकून, अंधारात दोन-तीन आठवडे ठेवा. गाळ बसतो, त्यातले सूक्ष्म जीव मरतात. वरचं निवळ पाणी काढून घ्या, एक दिवस हवेचा पंप लावा आणि मग वापरा.

मिठाचं माप

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ पाहिजे. मोजायला खारेपणाचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. उसाचा ब्रिक्स बघायचा रिफ्रॅक्टोमीटर तसाच दिसतो, पण त्याची मापपट्टी साखरेची असते. तो इथं चालत नाही.

घरातलं मीठ टाकूनही चालत नाही. समुद्राच्या क्षारात साधं मीठ मोठा हिस्सा असलं तरी प्रवाळाला लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम बाकीच्या भागात असतं. पाणी आणणं जमत नसेल तर मत्स्यालयासाठीचं तयार सागरी मीठ मिळतं, ते आरओच्या पाण्यात कालवावं.

टाकी आणि पहिले सहा आठवडे

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी बसतं. छोटी टाकी स्वस्त पडते, पण तिच्यात चूक लगेच महागात जाते, कारण थोड्या पाण्यात तापमान आणि खारेपणा पटकन बदलतो.

आत प्रवाळाचे दगड न टाकता भाजलेल्या मातीचे किंवा सिरॅमिकचे सच्छिद्र दगड टाका. पाणी भरलं की लगेच मासे सोडू नका. युरिया जमिनीत गेल्यावर जीवाणू त्याचं अमोनिया आणि पुढं नायट्रेट करतात, हे आपल्याला माहीत आहे. टाकीतही तेच घडतं. मासा अमोनिया सोडतो, एक जीवाणू त्याचं नायट्राईट करतो, दुसरा नायट्रेट. पहिली दोन विषारी आहेत. हे जीवाणू दगडांवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राईट शून्य आलं की मगच पहिला मासा.

सांभाळायची मापं

- तापमान : २४ ते २७ अंश
- पीएच : ८.० ते ८.४
- कॅल्शियम : लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम
- अल्कधर्मीपणा : ७ ते ११ डीकेएच
- नायट्रेट : लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत

रोज उडून गेलेलं पाणी आरओच्या गोड्या पाण्यानं भरायचं, खाऱ्या नाही. वाफ जाते, मीठ मागंच राहतं. खारं पाणी ओतत राहिलात तर मीठ वाढतच जातं. दर आठवड्याला दहा टक्के, म्हणजे आपल्या टाकीसाठी एक जार पाणी बदला. महिन्याला चार जार लागतात.

कॅल्शियम उतरलं तर शुद्ध चुन्याची निवळी रात्री थेंब थेंब सोडतात. पानाचा चुना त्यासाठी नको, आणि निवळी एकदम ओतली तर पीएच चढून मासे मरतात.

ऊन आणि वीज

आपल्याकडं टाकी बहुतेक एप्रिल-मे मध्ये मरते. पत्र्याच्या खोलीत ती ठेवूच नका. पाण्यावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी जास्त उडतं, तेवढं भरावं लागतं. वीज गेली की पाण्याची हालचाल थांबते आणि काही तासांत प्राणवायू कमी पडतो. इन्व्हर्टरवर निदान एक पंप हवा, नाहीतर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवा. खरा खर्च पाण्याचा नाही. तो दिवे, पंप आणि या सोयीचा आहे.

टाकीच्या खोलीत डासांची अगरबत्ती किंवा ढेकणांचं औषध मारू नका. हवेचा पंप तेच आत ओढतो.

मग ठेवायचं काय?

नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश नवख्यांसाठी चांगला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याचं प्रजनन यशस्वी केलं आहे. हॅचरीत वाढलेला मासा मागा. तो टाकीला सरावलेला असतो आणि समुद्रातून एक कमी पकडला जातो. मऊ प्रवाळातले काही प्रकार वरच्या यादीत नावानं नाहीत, पण तेही बिलाशिवाय घेऊ नका आणि किनाऱ्यावरून तर नाहीच.

बटणासारखे रंगीत दिसणारे झोअँथिड नावाचे जीव असतात. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे फार जहाल विष असतं. हातमोजे घाला, डोळ्यांत उडू देऊ नका. असे जीव असलेला दगड कधीही उकळू नका. त्याच्या वाफेनं घरातली सगळी माणसं दवाखान्यात जाऊ शकतात.

जुनं पाणी कुठं ओतायचं?

एका जारमध्ये सुमारे ७०० ग्रॅम क्षार जातात, महिन्याला पावणेतीन किलोच्या पुढं. परसात, शेतात, विहिरीजवळ ओतू नका. क्षारपड जमीन म्हणजे काय हे शिरोळकडच्या शेतकऱ्यांना विचारा. ते पाणी सांडपाण्याच्या पक्क्या गटारीतच सोडा. टाकीतला कुठलाही जीव वारणेत सोडायचा नाही.

आधी बघून या

पैसे घालण्याआधी एकदा रत्नागिरीला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघा. समुद्राचे मासे टाकीत कसे सांभाळतात ते तिथं दिसतं. प्रवाळ जिवंत बघायचं असेल तर मालवण-तारकर्लीला प्रशिक्षित माणसाबरोबर पाण्यात उतरा. हात लावू नका, पाय टेकू नका. तिथलं प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढतं. आपण तोडलेला वीतभर तुकडा आपल्या पोराच्या वयाचा असू शकतो.

रोज पंधरा मिनिटं, आठवड्याला एक जार आणि महिन्यातून एक कोकण फेरी वर्षभर जमेल का, हे आधी ठरवा. जमणार असेल तरच टाकी मांडा.