‘श्यामा’चा खटला आणि माझी चौदा पानं

आज हेडफोन लावूनच ऐका. घाण काही नाही, पण ‘अश्लील’ हा शब्द येणार आणि आई स्वयंपाकघरातून विचारेल, काय ऐकतोयस म्हणून.

साल १९६२. ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या बायका, एवढंच कथानक. कुणीतरी तक्रार केली, कलम २९२ लागलं. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवलं. दंड २५ रुपये, नाही भरला तर आठवडाभर साधी कैद, वर अंकाच्या प्रती नष्ट करायच्या.

२५ रुपये! आज तेवढ्यात सावजीचा रस्सासुद्धा येत नाही. पण प्रश्न पैशांचा नव्हता, शिक्क्याचा होता. काकोडकर थेट सुप्रीम कोर्टात गेले आणि ऑगस्ट १९६९ मध्ये सुटले. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वर राजेश खन्नाचा ‘दो रास्ते’ आला, ते वेगळंच.

याआधी र. धों. कर्वे होतेच. ‘समाजस्वास्थ्य’ ते स्वतः लिहायचे, स्वतः काढायचे. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी २०० रुपये दंड झाला. पण कर्वे शास्त्र सांगत होते. काकोडकर गोष्ट सांगत होते, म्हणून मला ते जवळचे.

कारण मीपण लिहायचो. ‘तसलंच’.

१९९८ ची गोष्ट. इथेच कळमेश्वरला, एमआयडीसीत रात्रपाळी करायचो. टोपणनावाने चौदा पानं हाताने लिहिली, नागपुरात बर्डीवर जाऊन चाळीस प्रती झेरॉक्स केल्या, पिना मारल्या. पाच रुपयांना एक. विकायला एक पानठेलेवाला तयार झाला. आठवड्यात संपल्या बे! मित्र म्हणाला, “तुले जमते कसं रे हे?” मी दोन दिवस हवेत.

नायिका म्हणजे आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई. नाव बदललं होतं. पण मशीन तेच, हिरवा दरवाजा तोच, खिडकीतली तुळसही तीच. गावात ओळखायला आणखी काय लागतं? पोरं संध्याकाळी त्या दरवाजासमोर उभी राहून गोष्टीतली वाक्यं म्हणू लागली. भर मे महिन्यात ताईंनी दार लावून घेतलं. आत पत्र्याखाली मशीन चालू असायची. पावसाळ्यात त्या खोली सोडून गेल्या. लिहिणारा कोण, ते त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. जाताना माझ्या आईला मात्र शिवलेला ब्लाउज देऊन गेल्या, पैसे न घेता.

सुप्रीम कोर्टाचा निकाल मी पुष्कळ वर्षांनी वाचला. त्यात साधारण असं म्हटलंय, की गोष्ट फार उच्च दर्जाची नसेल, लेखकाचा कच्चेपणा आणि अपुरा अनुभव त्यात दिसत असेल, पण म्हणून ती अश्लील ठरत नाही. मी खूश झालो. म्हणजे आपणही निर्दोष! कच्चे, पण निर्दोष.

मग लक्षात आलं, कोर्टापुढचा प्रश्नच वेगळा होता. वाचणाऱ्याचं मन बिघडेल का, एवढंच तिथे तपासलं गेलं. काकोडकरांच्या बायका कागदावरच्या होत्या, तिथे ते बरोबरच. माझी नायिका रोज सकाळी नळावर पाणी भरायला यायची. माझ्या वाचकांचं काय बिघडलं, मला ठाऊक नाही. दार कुणाचं बंद झालं, ते ठाऊक आहे.

एक प्रत माझ्याकडे अजून आहे. हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी वाचून काढली. चौदा पानांत ती बाई फक्त एकदा बोलते. “या ना आत.” तेही वाक्य मीच तिच्या तोंडी घातलेलं. खऱ्या ताई गिऱ्हाइकाला दारातच थांबवायच्या, माप तिथेच घ्यायच्या.