सोनाटाचं पान आणि चिजेची वही

आजचा विषय वरवर साधा आहे. एखादी रचना कानावर पडते, मनात बसते, पण ती कुठली ते ठाऊक नसतं. मग ती ओळखायची कशी आणि तिची स्वरलिपी शोधायची कुठे? कोल्हापूरसारख्या गाण्याच्या गावात हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही, इतिहासाचाही आहे.

आधी पियानोकडे बघू. 'टर्किश मार्च' पुष्कळांनी ऐकलेला असतो. पण तो मोझार्टच्या ए मेजरमधल्या सोनाटाचा शेवटचा भाग आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. युरोपात असा शोध सोपा झाला तो १८६२ साली. लुडविग फॉन क्योखेल यांनी मोझार्टच्या रचनांची सूची छापली आणि प्रत्येक रचनेचे सुरुवातीचे सूर तिच्यासोबत दिले. आपल्या सोनाटाचा त्यातला क्रमांक ३३१. क्रमांक कळला की छापील प्रत मिळायला वेळ लागत नाही.

पण शोध तिथे संपत नाही. हा सोनाटा १७८४ साली व्हिएन्नात छापला गेला. मोझार्टच्या हातचं मात्र शेवटचं पान तेवढं माहीत होतं. २०१४ साली बुडापेस्टच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बालाझ मिकुशी यांना आणखी चार पानं सापडली, आणि काही जागी छापील प्रतीपेक्षा वेगळे सूर निघाले! म्हणजे दोनशे तीस वर्षं लोक जे वाजवत होते, ते मोझार्टनं लिहिलं होतं तसंच्या तसं नव्हतं.

आता कोल्हापुरात येऊ. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गात होते. त्या परंपरेतली एखादी चीज ओळखायची, तर आपल्याकडे क्रमांक नाही. आपण राग बघतो, ताल बघतो, मुखडा बघतो. अंतऱ्यात रचनाकाराची मुद्रा असली तर फारच छान. खाँसाहेबांची मुद्रा 'अहमद पिया', पंडित भातखंड्यांची 'चतुर'. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत शेकडो चिजा स्वरलिपीसह छापल्या, म्हणून आज आपल्याला शोधायला निदान एक जागा तरी आहे.

तिथेही जपून जावं लागतं. समजा, जुन्या टेपवर मालकंस ऐकू येतोय आणि मध्येच रिषभ, पंचम लागले. गायक चुकला का? नाही हो! जयपूर-अत्रौली घराण्यात संपूर्ण मालकंस गातात, त्यात हे दोन्ही स्वर येतात. ती चीज साध्या मालकंसाच्या पानांवर धुंडाळत बसलात तर हाती काही लागणार नाही. आणि स्वरलिपी मिळाली तरी तो सांगाडाच असतो. मुखडा कसा उचलायचा, समेवर कसं यायचं, हे तालमीतच कळतं.

याचं एक मोठं उदाहरण सांगतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात सोनेरी तबकडी गेली. तिच्यावर ग्लेन गूल्डनं पियानोवर वाजवलेला बाख आहे. त्या रचनेला सूचीतला क्रमांक आहे, छापील प्रत आहे. त्याच तबकडीवर खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहां हो'. तिची ओळख म्हणजे मुखडा, राग आणि केसरबाईंचा गळा. दोन्ही संगीतं तोलामोलाची, पण एकाची नोंद कागदावर, दुसऱ्याची माणसात. माणूस गेला की नोंदही जाते.

म्हणून विनंती आहे. घरात कुणाची चिजांची जुनी वही असेल, कॅसेट असतील, तर रद्दीत घालू नका. राग, ताल, मुखडा, कुणाकडून मिळाली आणि कधी, एवढ्या पाच गोष्टी प्रत्येक चिजेपुढे लिहा. मुख्य म्हणजे पाठ वेगळा दिसला तर 'दुरुस्त' करू नका, दोन्ही ठेवा. बुडापेस्टची चार पानं कुणी छापील प्रतीवरून दुरुस्त केली असती, तर मोझार्टचे ते सूर आपल्याला कधीच कळले नसते.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.