बोरची वाघीण आणि धुऱ्यावरची तार

१४ ऑक्टोबर २०१७. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदीविहिरीच्या शिवारात एक वाघीण मेलेली सापडली. गळ्यात रेडिओ कॉलर. तिला गोळी घालण्याचा वनखात्याचा आदेश निघालेला होता. दोनच दिवस आधी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या आदेशाविरुद्धची याचिका फेटाळली होती. ती मेली मात्र शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने. आणि ते कुंपण तिच्यासाठी नव्हतंच, रानडुकरांसाठी होतं.

तिचं सरकारी नाव टी-२७ सी-१. मूळची चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीची. तिथे दोन माणसं गेली, चार जखमी झाली. जुलै २०१७ मध्ये तिला बेशुद्ध करून पकडलं आणि महिनाअखेरीस बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलं. बोर म्हणजे सेलू तालुक्यातल्या हिंगणीजवळच्या धरणाभोवतीचं जंगल. १९७० साली अभयारण्य, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सगळ्यांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. जंगल संपतं तिथे कपाशी आणि तूर सुरू होते. वाघीण तिथे थांबली नाही. अडीच महिन्यांत तिने शेकडो किलोमीटर तुडवले. या फिरण्यात आणखी दोन माणसं गेली.

म्हणजे ब्रह्मपुरीचा प्रश्न उचलून आपण वर्ध्यात आणून ठेवला. ती वाचावी म्हणून हे केलं, हेही खरं. पण ज्या गावांच्या हद्दीत तिला सोडलं, त्या गावांना कोणी विचारलं होतं?

‘वाघ मारावा की नाही’ हा प्रश्न आज आपल्याला अवघड वाटतो. दीडशे वर्षांपूर्वी तो सरकारला अवघड वाटत नव्हता. इंग्रजी अमलात वाघ, बिबट, लांडगा मारणाऱ्याला रोख बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाने १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ८० हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. हा आकडा फक्त बक्षिसांच्या नोंदींवरचा. साहेबांच्या आणि राजेरजवाड्यांच्या हौसेची शिकार त्यात सगळी आलेलीच नाही.

आपल्या भागात याला आणखी एक धागा आहे, कापसाचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. हिंगणघाटच्या कापसाला भाव आला. १८६२ साली वर्धा हा वेगळा जिल्हा झाला, मागोमाग नागपूरपर्यंत रेल्वे आली. माळरानं नांगराखाली गेली. वाघ शेतीच्या वाटेतला अडथळा ठरला, आणि अडथळ्याला बक्षीस लागलं.

गंमत म्हणजे त्याच काळात काही अधिकारीच म्हणू लागले होते, की वाघ संपवाल तर हरणं आणि डुकरं पिकं खातील. त्यांचं फारसं कोणी ऐकलं नाही. त्यात १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगायला परवाना लागू केला. पीकरक्षणासाठी परवाने मिळत, पण सगळ्यांना नाही. जंगलातला शिकारी गेला आणि वावरातली बंदूकही गेली. उरली ती जागल. आजही सेलूच्या शिवारात लोक मचाणावर रात्र काढतात, डबे वाजवतात, टॉर्च फिरवतात.

इथे गांधीजींची आठवण होणं साहजिक आहे. सेलूहून वर्ध्याला जाताना वाटेत विनोबांचं पवनार लागतं, वर्ध्यापलीकडे सेवाग्राम. आपल्याला वाटतं, गांधीजी म्हणणार, मारू नका. पण १९२६ साली अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने पिसाळलेली साठ कुत्री मारवली, तेव्हा गांधीजींनी त्याची बाजू घेतली आणि ‘यंग इंडिया’त लेखमाला लिहून टीका अंगावर घेतली. १९४६ साली, धान्यटंचाईच्या दिवसांत, ‘हरिजन’मध्ये त्यांनी लिहिलं, की अहिंसेच्या नावाखाली जनावरांना पिकं खाऊ देणं हेच पाप ठरेल. हे शब्द वाघाबद्दल नव्हते. पण शेतकऱ्याचं नुकसान हासुद्धा नैतिक प्रश्न आहे, हे त्यांनी मान्य केलं होतं.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाघाच्या बाबतीत स्पष्ट आहे. तो माणसाच्या जिवाला धोका झाला असेल, आणि पकडणं, बेशुद्ध करणं, दुसरीकडे हलवणं शक्य नसेल, तरच मारण्याचा आदेश, तोही मुख्य वन्यजीव रक्षकाने कारणं लेखी देऊन. मला ही तरतूद योग्य वाटते. माणसं मरत असताना एकही गोळी सुटू नये, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. टी-२७ सी-१ च्या बाबतीत पकडून झालं होतं, हलवून झालं होतं, न्यायालयात दोन्ही बाजू मांडून झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी, २ नोव्हेंबर २०१८ ला, यवतमाळ जिल्ह्यात अवनी मारली गेली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर होते, मागे दोन बछडे. त्या गोळीवर देशभर वाद झाला, चौकशी झाली. व्हायलाच हवी होती.

तारेचं तसं नाही. खांबावर आकडा टाकून धुऱ्यावरच्या तारेत थेट वीज सोडायची, हा गुन्हा आहे आणि ती जिवावरची गोष्ट आहे. अशा तारांनी जागलीला गेलेली माणसंही मेली आहेत. झटका मशीन वेगळं. ते क्षणभराचा धक्का देतं, जनावर पळतं, मरत नाही. पण त्याला पैसे लागतात. आकड्याला लागत नाहीत. एका रात्रीत डुकरांचा कळप उभा हरभरा उलथवून जातो, भरपाईसाठी पंचनामा, अर्ज, खेटे. मग कोणीतरी अंधारात तार ओढतो. या तारेला डुक्कर आणि वाघ यांतला फरक कळत नाही. डुकरं खाणाऱ्या मोठ्या प्राण्यांपैकी तो एक आहे, हेही तिला ठाऊक नसतं.

त्या वाघिणीसाठी नेमबाज बोलावले होते, वकील उभे राहिले होते, कॉलरचे संदेश टिपणारी माणसं मागावर होती. संदेश एका जागी थांबला, तेव्हा ती शेतातच पडलेली होती.