शंभरावरचे आठ

जपमाळेचे मणी मोजले तर १०८ भरतात. दोरा जिथे जुळतो तिथे गोंड्याशेजारी आणखी एक मणी असतो, तो मेरुमणी. मेरू मोजायचा नाही आणि ओलांडायचाही नाही. बोट तिथवर आलं की माळ फिरवायची आणि आल्या वाटेने परत निघायचं. माळ मधल्या बोटावर धरून अंगठ्याने मणी ओढायचा, तर्जनी लावायची नाही, माळ गोमुखीत झाकलेली ठेवायची, हे सगळं घरातली मोठी माणसं लहानांना शिकवत आली आहेत. पण मणी १०८च का, असं विचारलं की उत्तरांची रांग लागते. १२ राशी गुणिले ९ ग्रह, २७ नक्षत्रांचे प्रत्येकी ४ चरण, दिवसाचे श्वास, सूर्याचं पृथ्वीपासूनचं अंतर. या सगळ्या उत्तरांचा सूर एकच आहे: विश्वरचनेतलं एक माप ऋषींना कळलं आणि त्यांनी ते दोऱ्यात ओवलं. मला वाटतं, या संख्येचं कूळ आकाशात शोधण्याआधी होमकुंडापाशी शोधायला हवं. १०८ ही सुटी, अखंड संख्या म्हणून जन्मलेली दिसत नाही. ते शंभर आहेत आणि त्यांच्यावर आठ आहेत.

‘अष्टोत्तरशत’ या नावातच हे आलं, असं कोणी म्हणेल. पण तो पुरावा धरता येत नाही. संस्कृतात १०५लाही पंचोत्तरशतच म्हणतात, शंभरापुढचे सगळे आकडे असेच बोलले जातात. खरा पुरावा विधीत आहे. होमाच्या आहुतींसाठी पोथ्यांत ठरलेले पर्याय असतात: १००८, १०८, २८ किंवा ८. यजमानाची ऐपत आणि हाताशी असलेला वेळ पाहून त्यातला एक आकडा संकल्पात धरायचा. ही ओळ एकत्र वाचली की गणित उघड होतं. हजारावर आठ, शंभरावर आठ, विसावर आठ, आणि काहीच जमत नसेल तर नुसते आठ. १०८चा उगम २७ नक्षत्रांच्या चरणांत आहे म्हणावं, तर २८लाही २७ने भाग जात नाही आणि १००८लाही नाही. अभिजित धरून नक्षत्रं २८ मानली तर २८ आणि १००८ सुटतात, पण मग १०८ अडतो. सूर्याच्या अंतराने तर चारांपैकी एकच आकडा कसाबसा उघडतो. चौघांना एका घरात आणणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे वरचे आठ.

आणखी मागे गेलं तर हे आठ गळूनच पडतात. संध्येतल्या गायत्रीजपासाठी जुन्या धर्मसूत्रांत हजार, शंभर आणि निदान दहा असे गोल आकडे येतात. मनुस्मृतीत जपाची थोरवी सांगतानाही तीच पायरी आहे: विधियज्ञापेक्षा जप दहापट श्रेष्ठ, ओठांतल्या ओठांत केलेला उपांशू जप शंभरपट, मानसजप हजारपट. महाभारतातल्या विष्णुसहस्रनामात नावं हजार आहेत. नवव्या शतकातल्या जिनसेनांच्या आदिपुराणातल्या जिनसहस्रनामात ती १००८ होतात. आपल्याकडे घरोघरी म्हटलं जाणारं गणपती अथर्वशीर्षसुद्धा सहस्रावर्तनाची गोष्ट करतं, अष्टोत्तरसहस्राची नाही. म्हणजे जुनी मोजणी दशमान होती, दहा बोटांची होती. तिच्यावर आठांची भर पुढे केव्हातरी पडली आणि ती भरच पुढे पवित्र झाली.

आठच का? तंत्रग्रंथांत याचं एक सुरेख उत्तर आहे. जपमाळेचं एक नाव अक्षमाला. आणि अक्षमाला म्हणजे ‘अ’पासून ‘क्ष’पर्यंतची माला, असा तिचा अर्थ लावला गेला. सोळा स्वर, क ते म पंचवीस व्यंजनं, य ते ह आठ, ही झाली ४९ अक्षरं. पन्नासावा ‘ळ’. ‘क्ष’ हा मेरू, तो मोजायचा नाही. ही पन्नास अक्षरं एकदा सुलट म्हणायची, मेरूपाशी वळून एकदा उलट म्हणायची, झाले शंभर. मग अ, क, च, ट, त, प, य, श या आठ वर्गांची आठ अक्षरं, झाले १०८. या मोजणीत ‘ळ’ला जागा आहे, आणि तो वगळला तर माळ शंभरावर न थांबता अठ्ठ्याण्णवावर थांबते, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इथेही रचना शंभर अधिक आठ अशीच आहे. तरी हेच मूळ असं मी म्हणणार नाही. तंत्रग्रंथ धर्मसूत्रांच्या बरेच नंतरचे. आधीच रूढ झालेल्या आकड्यावर त्यांनी वर्णमाला बसवली असणं अगदी शक्य आहे. मला अधिक पटतं ते जपाला बसणाऱ्यांमध्ये सरसकट चालत आलेलं साधं कारण. माळ झाली की शंभर धरायचे. वरचे आठ चुकलेल्या उच्चारांसाठी, भरकटलेल्या मनासाठी, निसटलेल्या मण्यासाठी. व्यापाऱ्याच्या कागदावर ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असतं, तसं हे देवाच्या हिशेबातलं कलम आहे. धान्य मापताना पायली काठोकाठ भरून थांबत नाहीत, वर शीग लावतात. आहेराच्या पाकिटात शंभर न घालता १०१ घालतात. गोल आकड्यावर थांबलं की देणं संपल्यासारखं वाटतं. वर थोडं ठेवलं की ते भरून वाहतं. शीग आणि आहेर हे काही १०८चे पुरावे नाहीत, पण माणसाचा हात पवित्र प्रसंगी कसा चालतो ते त्यांच्यात दिसतं.

आता आक्षेप. सूर्याच्या अंतराचा मुद्दा आज सर्वांत जोरात मांडला जातो, म्हणून तो नीट पाहायला हवा. सूर्य आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या सुमारे १०७.५ पट दूर आहे, आणि चंद्र त्याच्या व्यासाच्या सरासरी ११० पट. आकडे खरे आहेत. ते कळायला दुर्बीणही लागत नाही. एक सेंटिमीटर व्यासाचा मणी खिडकीच्या काचेला चिकटवावा आणि डोळा त्याच्यापासून एक मीटर आठ सेंटिमीटरवर ठेवावा. पौर्णिमेचा चंद्र जवळजवळ नेमका त्याच्याआड जातो. सूर्यसिद्धान्तात चंद्राचा व्यास ४८० योजनं आणि कक्षा ३,२४,००० योजनं दिली आहे. त्यावरून काढलं तर अंतर व्यासाच्या १०७ पट येतं. तेव्हा आपल्या ज्योतिष्यांच्या हाती हे गुणोत्तर होतं, यात शंका नाही. पण तिथे ते ग्रहणाच्या गणितासाठी आहे. बिंब आकाशात किती मोठं दिसतं हे मोजलं की हे गुणोत्तर आपोआप पदरात पडतं. माळेचे मणी त्यावरून ठरवले, हा दुवा आपण जोडतो आहोत.

राशी आणि ग्रहांचं उत्तर काळाच्या कसोटीवर टिकत नाही. बारा राशींचं ज्योतिष इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ग्रीकांच्या संपर्कातून इथे रुजलं. होरा, केंद्र हे शब्द त्याची खूण आहेत. नक्षत्रं मात्र आपली आणि फार जुनी. २७ नक्षत्रं आणि १२ राशी एकाच वर्तुळावर बसवायच्या तर दोन्हींना भाग जाईल अशी संख्या हवी, आणि २७ व १२ यांचा लघुतम साधारण विभाज्य १०८ येतो. म्हणून नक्षत्राचे चार चरण आणि राशीचे नऊ नवमांश. पंचांगातलं अवकहडा चक्र याच १०८ चरणांचं आहे, आणि बाळाचं नावरस नाव ज्या आद्याक्षरावरून ठेवतात ते तिथूनच येतं. हा १०८ अस्सल आहे, उपयोगाचा आहे, पण त्याचं घराणं वेगळं आहे. दोन घरांत एकाच नावाची मुलं असावीत तसं हे झालं. पुढे दोघांची गाठ पडली आणि एकाचा मान दुसऱ्याला मिळाला.

श्वासांच्या उत्तरात खोली अधिक आहे. योगपर उपनिषदं सांगतात की माणूस अहोरात्रात २१,६०० श्वास घेतो आणि प्रत्येक श्वास हा आपोआप होणारा ‘सोऽहं’चा जप आहे. त्याचे निम्मे १०,८००. उपांशू जपाचं फळ शंभरपट, म्हणून १०८ पुरतात, अशी मांडणी केली जाते. २१,६०० ही संख्या मात्र छातीवर हात ठेवून मोजलेली नाही. दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळं, पळाचे ६ प्राण. गुणाकार केला की २१,६०० येतात. वर्तुळाच्या ३६० अंशांच्या कलाही २१,६००च. एका प्राणात पृथ्वी एक कला फिरते, असं आर्यभटाने इ. स. ४९९च्या आपल्या ग्रंथात मांडलं ते याच मापाने. एक प्राण चार सेकंदांचा, मिनिटाला पंधरा. स्वस्थ बसलेल्या माणसाचा श्वास साधारण असाच चालतो, म्हणून काळाच्या त्या मापाला ‘प्राण’ हे नाव शोभलं. १०,८०० तर याहून कितीतरी जुने. शतपथ ब्राह्मणात वर्षाचे मुहूर्त १०,८०० मोजले आहेत, ३६० दिवस गुणिले ३० मुहूर्त. आणि अग्निचयनाच्या वेदीत लोकंपृणा नावाच्या विटाही तितक्याच. ऋग्वेदाची अक्षरं ४,३२,००० धरून ती चाळीस अक्षरांच्या पंक्ती छंदात वाटली, तरी १०,८००च येतात. वर्ष, वेदी आणि वाणी यांचं माप एकच असावं, हा ध्यास त्या हिशेबात दिसतो आणि तो मला मनापासून मोठा वाटतो. पण वर्षाच्या मुहूर्तांतून दोन शून्यं काढून जपाचे मणी ठरवा, असं शतपथ सांगत नाही. तो १०,८०० वर्षाचा, वेदीचा, माळेचा नव्हे.

सर्वांत बोलका पुरावा हिंदू परंपरेच्या शेजारी आहे. जैनांची नवकारवाळी १०८ मण्यांची. तिथे कारण असं की पंचपरमेष्ठींचे गुण अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७, मिळून १०८. त्याच जैनांकडे पापास्रवाच्या प्रकारांची दुसरी मोजणीही आहे, ३ गुणिले ३ गुणिले ३ गुणिले ४, तीही १०८. कोल्हापूर-सांगलीकडे दिगंबर मुनींच्या नावाआधी १०८ आणि तीर्थंकरांच्या नावाआधी १००८ लिहितात, म्हणजे तिथेही हजारावर आठ आहेतच. बौद्धांकडे १०८ क्लेश. चिनी भाषांतरात टिकलेल्या एका सूत्रात बुद्ध एका राजाला रिठ्याच्या १०८ बिया ओवून जवळ ठेवायला सांगतात, आणि जपानमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री देवळांतल्या घंटेचे १०८ टोले पडतात ते या क्लेशांसाठी. तिन्ही परंपरांत आकडा एक आणि कारणं मात्र निरनिराळी. कारण आधी असतं तर आकडे वेगळे झाले असते. आकडा आधी रूढ होता, प्रत्येकाने त्यात आपापलं तत्त्वज्ञान भरलं.

यावर एक गंभीर प्रश्न येतो: मग या संख्येत अध्यात्म उरलं काय? मला वाटतं, खरं अध्यात्म इथेच सुरू होतं. रुद्राचं उदाहरण घ्या. रुद्र अकरा, म्हणून अकरा आवर्तनांची एकादशनी. अकरा एकादशनींचा लघुरुद्र म्हणजे १२१, अकरा लघुरुद्रांचा महारुद्र म्हणजे १,३३१, अकरा महारुद्रांचा अतिरुद्र म्हणजे १४,६४१. यात गूढ काही नाही, पाढा आहे. तरी लघुरुद्राच्या दिवशी अकरा ब्राह्मणांचे सूर एकत्र लागले की त्याचं पावित्र्य कोणी नाकारत नाही. संख्येचं काम जपाला काठ देणं हे आहे. काठ नसेल तर मन पाचव्या मिनिटाला उठतं, किंवा सारखं विचारत राहतं, किती झाले? माळ तो प्रश्न मनाकडून काढून बोटांना देते. अंधारात, डोळे मिटून, मेरूचा जाड मणी अंगठ्याला लागला की कळतं, एक फेरी झाली. त्याआधी मोजायची गरज नाही. म्हणून २७ मण्यांची स्मरणीही चालते, ५४ची माळही चालते, आणि माळच नसेल तर चार बोटांची बारा पेरं नऊ वेळा मोजूनही १०८ होतात. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीमाळ तर मोजायला नसतेच. तिथे माळ म्हणजे पत्करलेला नेम. आता बोटात घालायचं डिजिटल काउंटर आलं आहे. त्याने आकडा बिनचूक मिळतो, पण त्याला मेरू नाही, वळण नाही, आणि किती झाले ते सारखं डोळ्यांपुढे राहतं. जपासाठी माळच घ्यावी, असं मी म्हणेन ते या कारणासाठी.

शंभर धरून आठ वर सोडण्याची चाल लहान हिशेबात दिसत नाही, मोठ्यात दिसते. पुरश्चरणाचा नेम मंत्राच्या अक्षरामागे लाखाचा. त्रयोदशाक्षरी राममंत्राचा १३ कोटींचा जप समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला केला असं परंपरा सांगते, तिथे अक्षरामागे कोटी येतो. गायत्रीची अक्षरं २४, म्हणून पुरश्चरण २४ लाखांचं. रोज ३० माळा ओढल्या तर ते ८०० दिवसांत, २४,००० माळांनी पुरं होतं. तोवर प्रत्यक्ष उच्चार झालेले असतात २५,९२,०००. वरचे १,९२,००० संकल्पात धरलेले नसतात आणि कुठल्याही वहीत मांडलेले नसतात.