नावातला पुरुष

खिळा लागला की धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं, हे आमच्या विश्रामबागेत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण जखम नसतानाच अंग ताठ व्हायला लागलं तर?

१९२४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये आयोवाचा एक शेतकरी हीच तक्रार घेऊन आला. तोल गेला की तो ओंडक्यासारखा पडायचा. डॉ. मर्श आणि डॉ. वोल्टमन यांनी ३२ वर्षांत असे १४ रुग्ण नोंदवले आणि १९५६ मध्ये आजाराला नाव दिलं, 'स्टिफ-मॅन सिंड्रोम'.

कारणाचा धागा १९८८ मध्ये सापडला. यातल्या बऱ्याच रुग्णांची प्रतिकारशक्ती 'गॅड' या स्वतःच्याच एन्झाइमवर उलटलेली असते. गॅडच्या मदतीने 'गाबा' बनतं आणि गाबा म्हणजे स्नायूंचा ब्रेक. धनुर्वाताचं विषही हाच ब्रेक निकामी करतं.

नुसतं दचकलं तरी पेटके येतात, म्हणून अनेकांचं दुखणं 'मनाचे खेळ' ठरलं. त्यात हा आजार बायकांमध्ये जास्त, आणि नावात मात्र पुरुष! १९९१ मध्ये 'मॅन'च्या जागी 'पर्सन' सुचवलं गेलं. २०२२ मध्ये गायिका सेलिन डिऑनने आपला आजार जाहीर केला, तेव्हा जगाने ऐकलं ते हे दुसरं नाव.

बाईचं दुखणं खरं मानायला कधीकधी आधी नाव दुरुस्त करावं लागतं.