बालकुमार नियतकालिके, मराठी
बालकुमार नियतकालिके, मराठी : मुलांचे व कुमारवयीन वाचकांचे रंजन करीत असतानाच त्यांना ज्ञान व संस्कार देण्याच्या उद्देशाने निघालेली नियतकालिके. यांपैकी अनेक प्रमुख नियतकालिकांमागे नफ्यापेक्षा लोकसेवेची प्रेरणा अधिक होती. मुलाला स्वतःची मिळकत नसल्याने त्याच्या वाचनाचा खर्च पालक, शाळा किंवा एखादा दाता यांनाच करावा लागतो. म्हणून हा भार कोणी वाहिला, हा प्रश्न या नियतकालिकांच्या इतिहासात त्यांतील मजकुराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

या परंपरेचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या ‘बालबोधमेवा’ या मासिकाने झाला. मिशनच्या आश्रयामुळे त्याला आर्थिक स्थैर्य लाभले. मात्र धर्मप्रसाराचा हेतूही त्याच्याशी निगडित राहिला. विनायक कोंडदेव ओक (१८४०—१९१४) यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले. चरित्र, कविता, निबंध व शास्त्रीय विषयावरील लेख अशी त्याच्या अंकाची ठरीव मांडणी असे. बहुतेक मजकूर स्वतः लिहून ओकांनी ते सु. तेहतीस वर्षे चालविले. एका व्यक्तीच्या निष्ठेवर अवलंबून असणे, हे अशा उपक्रमांचे बळ होते आणि मर्यादाही होती. वासुदेव गोविंद आपटे (१८७१—१९३०) यांच्या ‘आनंद’ (१९०६) या मासिकाने ती मर्यादा ओलांडली. आपटे यांच्या मृत्यूनंतरही ते चालू राहिले व पुढे गोपीनाथ तळवलकर यांनी दीर्घकाळ त्याचे संपादन केले. उपदेशापेक्षा आनंदाला अग्रस्थान देण्याची त्याची दृष्टी त्याच्या नावातूनच व्यक्त होते.

साने गुरुजींनी (१८९९—१९५०) हे कार्य विद्यार्थ्यांच्या दैनंदिन जीवनाशी जोडले. अमळनेरच्या प्रताप विद्यालयाच्या वसतिगृहात ते ‘छात्रालय दैनिक’ हे हस्तलिखित पत्र काढीत. दूरगावाहून शिकण्यासाठी आलेल्या मुलांना विचार व विरंगुळा देणाऱ्या या पत्राला छापखाना किंवा भांडवल लागत नव्हते. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ‘साधना’ हे केवळ मुलांचे पत्र नव्हते. तथापि नरेंद्र दाभोलकर यांच्या संपादनकाळात, २००८ पासून, त्याचा बालकुमार दिवाळी अंक निघू लागला. अल्प किंमत ठेवून शाळांमार्फत तो विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्यात आला व त्याच्या प्रतींची संख्या लाखांत गेली. ‘वंचित विकास’ या पुण्यातील सेवाभावी संस्थेने ‘निर्मळ रानवारा’ हे मुलांचे मासिक प्रसिद्ध करून याच प्रवाहात भर घातली.

मूल्याइतकाच अंतराचाही अडसर होता. कळंब तालुका ज्या उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात मोडतो, तो १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, तर मराठी मुद्रण व पत्रव्यवसाय यांची मुख्य केंद्रे पुणे-मुंबईकडे होती. अशा भागातील मुलाला मराठी मासिक मिळणे हे घरच्या ऐपतीबरोबरच शाळा, ग्रंथालय व टपाल यांच्या सोयीवरही अवलंबून होते. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर (१९६०) ही उणीव भरून काढण्याचे काम शासनपुरस्कृत यंत्रणेकडे आले. राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने १४ नोव्हेंबर १९७१ रोजी ‘किशोर’ मासिक सुरू केले. मान्यवर साहित्यिकांचे लेखन व सचित्र मांडणी असूनही त्याची किंमत सामान्य कुटुंबांना परवडेल अशी ठेवण्यात आली. पुढे त्याचे जुने अंकही संगणकीय स्वरूपात विनामूल्य उपलब्ध झाले.

धर्मसंस्था, ध्येयनिष्ठ व्यक्ती, सेवाभावी संस्था व शासन असे या नियतकालिकांचे आश्रयदाते आढळतात. प्रत्येक आश्रयदात्याबरोबर त्याचा उपदेशही आला. परंतु जिथे संपादकाने मुलाच्या आनंदाला प्राधान्य दिले, तिथेच नियतकालिक वाचकप्रिय ठरले. खेडोपाडीच्या, पुस्तक विकत घेऊ न शकणाऱ्या मुलालाही निखळ करमणुकीचा हक्क आहे, हे या परंपरेने कृतीने दाखवून दिले. तिचे सामाजिक महत्त्व प्रामुख्याने यातच आहे.