‘हिंदू’ कादंबरी आणि तिचे वाचक : खानदेशच्या संदर्भात

१

वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथ आणि ग्रंथकार यांची नोंद होते. वाचकांची होत नाही. एखाद्या कृतीविषयी वाचकांत दुफळी माजली, तर इतिहासकार बहुधा एका पक्षाचे म्हणणे ग्राह्य धरतो आणि दुसऱ्याचे विसरतो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ या कादंबरीच्या बाबतीत असे करणे विशेष घातक ठरेल. मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने जुलै २०१० मध्ये ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि वाचकांत तत्काळ दोन तट पडले. मराठीत इतक्या विस्तृत आवाक्याची कृती झालीच नाही, असे काहींना वाटले. ही कादंबरीच नव्हे, सहाशे पृष्ठांच्या आसपास पसरलेला मतांचा आणि आठवणींचा ढीग आहे, असे इतरांना वाटले. हा मतभेद निव्वळ अभिरुचीचा नव्हता. वारशाने आलेल्यापैकी काय जपावे, काय टाकावे आणि तो निर्णय कोणी करावा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. ज्या प्रदेशातून ही कादंबरी उगवली, त्या खानदेशातील वाचन ध्यानात घेतल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होते.

२

कादंबरी कशी असावी, या वादाला खानदेशाचा संदर्भ जुनाच आहे. ज्यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले आणि १९२६ साली तेथेच ज्यांचे निधन झाले, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ हा निबंध लिहून अद्भुत आणि वास्तव असा भेद मांडला व युरोपातील थोर कादंबरीकारांच्या कृतींशी मराठी कादंबरी ताडून पाहिली. मराठी कादंबरीचा आवाका अपुरा आहे, ही तक्रार तेव्हापासून वारंवार ऐकू येते. मात्र तो आवाका प्रत्यक्षात आला तेव्हा तो पेलण्यास सारेच वाचक सिद्ध नव्हते, हे पुढील घटनांवरून दिसते.

नेमाडे यांचा जन्म १९३८ साली तत्कालीन पूर्व खानदेशातील सांगवी येथला. भाषाविज्ञानाचे शिक्षण त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात घेतले, आणि अध्यापनाच्या निमित्ताने ज्या अनेक गावी त्यांचे वास्तव्य झाले त्यांत धुळेही होते. त्यांच्या ‘कोसला’ने (१९६३) असाच वाद उत्पन्न केला होता. पांडुरंग सांगवीकराच्या निवेदनात कथानक नाही, भाषेला शिस्त नाही, असे आक्षेप आले. त्याच गोष्टींसाठी नव्या पिढीने ती डोक्यावर घेतली. मतमतांतरे इतकी साचली की ‘कोसलाबद्दल’ या नावाचा स्वतंत्र लेखसंग्रह निघाला. ‘झूल’ने (१९७९) चांगदेव चतुष्टय पूर्ण झाले, आणि त्यानंतर ‘हिंदू’ येईपर्यंत एकतीस वर्षे लोटली. या दीर्घ प्रतीक्षेत वाचकाने आपापल्या मनात एकेक ‘हिंदू’ रचून ठेवली होती. पुष्कळांचा अपेक्षाभंग छापील कादंबरीने केला, तितकाच या मनातल्या कादंबरीनेही केला, असे म्हणावे लागते.

३

विस्तार हेच नाराजीचे कारण होते, हे मत टिकण्यासारखे नाही. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) दोन खंडांची असूनही मराठी वाचकाने आवडीने वाचली. परंतु तेथे पिढ्या एकामागून एक येतात आणि काळ पुढे सरकत राहतो. ‘हिंदू’मध्ये तसे घडत नाही. पुरातत्त्वाचा संशोधक विद्यार्थी खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावर असताना वडिलांच्या आजाराचे वर्तमान येते. तो मोरगावी परततो. दृश्य घटना एवढीच. बाकीचा सारा ग्रंथ स्मृतींच्या थरांनी भरलेला आहे : गावगाडा, बलुतेदार, सण, भाऊबंदकी, आत्या-मावश्या, शेतीचे हिशेब. उत्खननात वरचा थर प्रथम हाती लागतो आणि तळाचा शेवटी. येथील निवेदनाचा क्रमही बव्हंशी तसाच आहे. ज्यांनी कालक्रमाची अपेक्षा धरली त्यांना पाल्हाळ दिसला. ज्यांनी थरांचा क्रम ओळखला त्यांना रचना दिसली. मात्र नायकाच्या मुखाने लेखक व्याख्याने देतो, हा आक्षेप रचना ओळखणाऱ्यांनाही सर्वस्वी खोडून काढता आलेला नाही.

शीर्षकानेही गोंधळ वाढविला. कोणी धर्मग्रंथाचे समर्थन शोधावयास आले, कोणी धर्मावरील प्रहार. दोघांनाही हवे ते मिळाले नाही. नेमाडे यांना अभिप्रेत असलेला ‘हिंदू’ हा शब्द सिंधूच्या खोऱ्यापासूनच्या मिश्र, बहुविध जीवनव्यवस्थेचा वाचक आहे, एका पंथाचा नव्हे. खरा भार उपशीर्षकातील ‘अडगळ’ या शब्दावर आहे. घरातील अडगळीच्या खोलीत मोडका पाळणा असतो, जुनी पाभर असते, कोणा पूर्वजाचा पेटारा असतो. ही वस्तू उपयोगाची नसते, तरी टाकवत नाही. गोरख थोरात यांच्या हिंदी अनुवादाच्या शीर्षकात या जागी ‘कबाड़’ हा शब्द आला आहे. तो शब्द चुकीचा नाही. पण कबाड विकता येते, कबाडी ते घेऊन जातो, अडगळ मात्र घरातच राहते. मराठी वाचकांतील दोन तट वस्तुतः या दोन अर्थांचे तट होते. एकाला कादंबरीत कबाड दिसले, दुसऱ्याला अडगळ.

४

खानदेशी वाचक या कादंबरीवर एकमुखाने प्रसन्न झाला, असे समजणे चूक होईल. कारण खानदेश भाषिकदृष्ट्या एक नाही. १९०६ साली त्याचे पूर्व व पश्चिम असे भाग झाले, तेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे झाले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. धुळ्याकडे प्रामुख्याने अहिराणी चालते : तेथे ‘आहे’ऐवजी ‘शे’, मुलाला ‘आंडोर’. तापीच्या खोऱ्यात यावल-रावेरकडे लेवा गणबोली आहे व तिचे नाते वऱ्हाडीशी अधिक जवळचे आहे. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली प्रसिद्ध झाली तेव्हापासून तिची भाषा सर्रास अहिराणी म्हणून सांगितली जाते, हे या दुर्लक्षाचे ठळक उदाहरण होय. मोरगावचे शब्द यावल-रावेरच्या वाचकाला माजघरातले वाटतात, धुळ्याच्या वाचकाला शेजारच्या घरातले, आणि पुण्याच्या वाचकाला कोशात पाहण्याजोगे. एकच परिच्छेद एकाला ओळख देतो, दुसऱ्याला कुतूहल, तिसऱ्याला अडथळा. गुणदोषांची चर्चा करताना हा भेद क्वचितच नोंदला गेला.

५

परंतु ओळख पटणे म्हणजे आनंद होणेच, असेही नाही. कादंबरीतील स्त्रियांचे चित्रण पुरुषाच्या नजरेतले आहे, अशी टीका झाली. त्याहून गंभीर हरकत बंजारा समाजातून आली. लभाण स्त्रियांविषयीचा मजकूर अवमानकारक आहे, या कारणावरून २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यात प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. कादंबरीतील उल्लेख हा त्या काळच्या गावाच्या बोलण्याचा पुरावा आहे, असा बचाव करता येतो, आणि तो पोकळ नाही. कल्पित वाङ्मयाची चौकशी पोलिसांनी करावी, हेही इष्ट नव्हे. तथापि, अडगळीत पूर्वजांचे पाळणे असतात तसे पूर्वजांनी दुसऱ्यांना वाहिलेले शब्दही असतात. ज्याच्या घरात ती अडगळ आहे त्याला ती समृद्ध वाटेल. ज्याच्या अंगावर ते शब्द फेकले गेले त्याला वाटणार नाही.

ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणातील १९०७ सालच्या भागात भिल्ली बोलींबरोबर खानदेशी आणि लभाणी यांचे वर्णन एकाच ग्रंथात आले आहे. ते वर्गीकरण आज जसेच्या तसे मान्य होणार नाही. परंतु या दोन्ही भाषांचे बोलणारे एकाच बाजारपेठांत वावरत आले, ही वस्तुस्थिती उरते. कादंबरीत त्यांच्यापैकी एकाच्या मुखाने दुसऱ्याचे वर्णन झाले. ज्याचे वर्णन झाले तो अर्धशतकानंतर स्वतः वाचक होऊन उभा राहिला, ही या कादंबरीच्या वाचनेतिहासातील सर्वांत नवी घटना होय. राजवाडे यांच्या काळी असा वाचक नव्हता; ‘कोसला’च्या वेळीही त्याचा आवाज ऐकू आला नव्हता.

६

२०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार नेमाडे यांना मिळाला. वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदा करंदीकर यांच्यानंतर तो मिळविणारे ते चौथे मराठी लेखक. पुरस्काराने लेखकाचे स्थान निश्चित झाले. वाचकांतील दुफळी मिटली नाही, आणि ती मिटावी अशी अपेक्षा धरण्याचे कारणही नाही. या कादंबरीच्या अभ्यासकाने दोन तटांची सरासरी काढून मध्यम मत बनविण्यापेक्षा कोणत्या तालुक्यातला, कोणत्या बोलीचा, कोणत्या जातीचा वाचक, स्त्री की पुरुष, कोठे थांबला व का थांबला, हे नोंदवावे. ती नोंद आजच होणे अगत्याचे आहे. मोरगावसारखी गावे ज्यांनी स्वतः पाहिली, असे वाचक आता वृद्ध झाले आहेत. पुढील पिढीला पाभर आणि बलुते हे शब्द कोशातूनच कळतील, आणि तेव्हा या वादातील निम्मे पुरावे नाहीसे झालेले असतील.